यंत्र बसण्याआधी

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणार, हे आता सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लावलं आणि दुपारच्या कामांवर, शिकवणी वर्गांवर बंधनं आली. माणसांना सावलीत जायला सांगितलं गेलं ते योग्यच झालं. शेतातल्या सौर पंपाचा कंट्रोलर मात्र त्याच उन्हात उभा होता. मोबाईल टॉवरखालचा रेक्टिफायर, चौकातला सिग्नल, हवामान केंद्राचा डेटा लॉगर, घराच्या जिन्याखालचा इन्व्हर्टर, यांना सुट्टी नव्हती. हवामान खातं सांगतं तो आकडा सावलीतल्या, हवेशीर पेटीतला असतो. उन्हात तापलेल्या बंद पत्र्याच्या डब्यात तो सहज ६०च्या पुढे जातो, आणि त्यात यंत्राची स्वतःची उष्णता मिसळते ती वेगळीच.

अशा ठिकाणी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लवकर म्हाताऱ्या होतात. प्रश्न त्यापुढचा आहे. यंत्र बसण्याआधी, म्हणजे बंद पडण्याआधी, ते काही सांगतं का? सांगत असेल तर काय, किती आधी, आणि कुणाला? या विषयावर जगात सहा-सात दशकं काम झालं आहे. त्यातलं वऱ्हाडाच्या कामाचं काय आणि इथे काय लागू पडत नाही, हे एकदा नीट मांडून बघायला हवं. कारण गेल्या काही वर्षांत शेती, दवाखाना, पीकविमा आणि वीज या चारही गोष्टी इथे सर्किट बोर्डावर येऊन बसल्या आहेत.

आधी बोर्डच बघू. अकोला-अमरावतीच्या कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात जळालेला इन्व्हर्टर किंवा पंपाचा कंट्रोलर उघडला, की कारागीर मीटर लावण्याआधी बोर्ड उजेडाकडे तिरपा धरतो. त्याची नजर पहिल्यांदा जाते उभ्या नळकांड्यांकडे, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरकडे. त्यांचा माथा सपाट असायला हवा. तो किंचित फुगलेला असेल, माथ्यावरची फुलीची खाच ताणली गेली असेल किंवा बुडाशी तपकिरी ओघळ असेल, तर आतलं द्रव आटत किंवा गळत आलं आहे. मग तो रेझिस्टरच्या आसपास बोर्ड काळवंडला आहे का बघतो. शेवटी बोर्ड उलटा करून रिले, ट्रान्सफॉर्मर, जाड तारांची टोकं अशा वजनदार जागांचे सोल्डर तपासतो. तिथे पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली, की तो ‘ड्राय सोल्डर’ म्हणतो आणि सोल्डरिंग आयर्न उचलतो. या तीनही खुणा एका दिवसात तयार झालेल्या नसतात. यंत्र चालू होतं, पाणी देत होतं, दिवे लावत होतं, तेव्हाही त्या तिथे होत्याच.

कॅपॅसिटरचं गणित तर इतकं सरळ आहे की ते शाळेत शिकवता येईल. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशांवर २,००० तास चालेल असं छापलेला कॅपॅसिटर ६५ अंशांवर ठेवला तर सुमारे ३२,००० तास टिकतो, आणि ७५ अंशांवर १६,०००. रोजचे ८ तास धरले तर पहिला अकरा वर्षं जातो, दुसरा साडेपाच. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत दुरुस्तीची हमी पाच वर्षांची आहे. ज्या कंट्रोलरमध्ये असे कॅपॅसिटर आहेत, त्यातला कुठला पंप हमी संपता संपता शेतकऱ्याच्या गळ्यात पडणार आणि कुठला आणखी पाच वर्षं निभावणार, हे बऱ्याच अंशी डबा कुठे टांगला यावर ठरतं. पॅनेलच्या सावलीत, मागे हवा खेळेल असा, की दक्षिणेकडे तोंड करून खांबावर.

या म्हातारपणाची मोजण्याजोगी खूणही आहे. कॅपॅसिटरचा आतला विरोध हळूहळू वाढतो आणि क्षमता घटत जाते. विरोध दुपटीवर गेला किंवा क्षमता २० टक्क्यांनी उतरली, की तो संपला असं मानण्याचा प्रघात आहे. दुरुस्तीवाल्याच्या हातातला ईएसआर मीटर तेच मोजतो. फुगण्याच्या कितीतरी आधी हा आकडा हलायला लागतो.

कंट्रोलरमधली दुसरी नाजूक जागा म्हणजे आयजीबीटी, पॅनेलची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा स्विच. त्याला नुसत्या उष्णतेपेक्षा उष्णतेचे हेलकावे जास्त मारतात. जून-जुलैत ढग आला की पंप मंदावतो, ढग सरला की पुन्हा जोरात धावतो. दर वेळी आतली सिलिकॉनची चकती, तिच्याखालचं सोल्डर आणि तिला जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक तारा आपापल्या मापाने प्रसरण-आकुंचन पावतात. हजारो वेळा असं झालं की तारेचं टोक उचकटायला लागतं. स्विच चालू असताना त्याच्या दोन टोकांमध्ये जो थोडा व्होल्टेज उरतो, तो ५ टक्क्यांनी वाढला की तार सुटत चालल्याचं मानतात. खालचं सोल्डर थकलं असेल तर उष्णतेला बाहेर पडायला अडथळा होतो, आणि तो अडथळा २० टक्क्यांनी वाढणं ही धोक्याची रेघ. शेतात हे मोजायला कुणी जाणार नाही. पण त्याची सावली बाहेर दिसते: तेवढंच ऊन, तेवढंच पाणी, आणि हीटसिंक मात्र गेल्या वर्षीपेक्षा जास्त तापलेलं. कंट्रोलर दुपारी दीड-दोनला आपोआप बंद पडतो आणि चारला पुन्हा सुरू होतो. शेतकरी म्हणतो, ऊन लय आहे. ऊन तर दरवर्षीच असतं. यंदाच बंद का पडतो, हा खरा प्रश्न.

वऱ्हाडाचे आणखी काही शत्रू आहेत, आणि ते पुस्तकात एकत्र सापडत नाहीत. जिनिंगच्या हंगामात रुईचे तंतू पंख्याच्या जाळीवर बसतात आणि हवा अडवतात. पहिल्या पावसात ते तंतू आणि त्यांत अडकलेली धूळ ओल धरतात, बोर्डावरच्या दोन रेघांमध्ये सूक्ष्म प्रवाह वाहायला लागतो आणि कधी कधी धातूचे झाडासारखे फाटे फुटून थेट शॉर्ट होतो. उबेसाठी पाली आणि मुंग्या आत शिरतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागात, पाणीच खारं. ते जोडण्यांवर उडालं की पिना हिरव्या पडतात आणि अर्थिंगची जस्ती नळी भरभर गंजते. काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, नळीपासून सुटते आणि अर्थिंगचा विरोध वाढतो. नेमकं त्यानंतर वीज-वादळाचे दिवस येतात. विजेच्या धक्क्यापासून वाचवणारा व्हेरिस्टर धक्क्यागणिक थोडा थोडा कमजोर होतो, त्याच्यातून गळणारा प्रवाह वाढत जातो. बऱ्याच सर्ज प्रोटेक्टरना एक छोटी खिडकी असते. हिरवी असली तर ठीक, लाल झाली तर तो आपलं काम करून मेला आहे आणि पुढची वीज सरळ आत येणार. इतकी स्वस्त, इतकी स्पष्ट खूण दुसरी नाही. पण पावसाळ्याआधी ती खिडकी बघायची कुणी, हे ठरवलेलं नसतं.

घरच्या इन्व्हर्टरबद्दल एवढंच सांगतो, की तिथे बॅटरी आधी बोलते. पाणी लवकर आटतं, पंखा चार तासांऐवजी अडीच तास चालतो, आणि हायड्रोमीटर बुडवला तर बॅटरीच्या सहा घरांपैकी (सेलपैकी) एका घराचं माप बाकीच्यांपेक्षा खाली दिसतं. ते एक घर बाकी पाचांना घेऊन बुडतं.

आता जगाकडे वळू. सुरुवातीला लोकांनी तक्ते केले. अमेरिकी लष्कराने १९६०च्या दशकात एक जाडजूड पुस्तिका काढली, तिच्यात प्रत्येक सुट्या भागाचा बिघाडाचा दर छापलेला होता. सगळे दर बेरजेत धरायचे आणि यंत्राच्या दोन बिघाडांमधला सरासरी काळ काढायचा. देखभाल मात्र दुसऱ्याच एका गृहीतावर चालायची, की सगळं काही वयानुसार झिजतं आणि ठरावीक मुदतीला भाग बदलले की बिघाड टळतो. ते मोडलं विमानवाल्यांनी. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ साली अमेरिकी संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात दाखवलं, की त्यांनी अभ्यासलेल्या भागांपैकी ८९ टक्क्यांच्या बिघाडाचा वयाशी असा संबंधच नव्हता की ठरावीक मुदतीला बदलून फायदा व्हावा. ६८ टक्के भागांत तर बिघाडाची शक्यता नवेपणीच सर्वाधिक होती, नंतर ती खाली येऊन सपाट राहत होती. आपल्याकडे देखभालीचा करार अजूनही ‘दर सहा महिन्यांनी एक भेट’ असाच लिहिला जातो. या अहवालाच्या उजेडात पाहिलं तर सौर पंपाची सगळ्यांत मोलाची भेट ही बसवल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातली असायला हवी. ढिला राहिलेला स्क्रू, नीट न दाबलेली जोडणी, पाणी शिरणारं झाकण, हे सगळं तेव्हाच उघडं पडतं.

तक्त्यांवरचा विश्वास उडाल्यावर अभ्यासक दोन वाटांनी गेले. मेरीलँड विद्यापीठात मायकेल पेक्ट यांच्या भोवती जमलेल्या गटाने बिघाडाचं भौतिकशास्त्र धरलं: कुठली जोडणी कशामुळे तुटते, त्यासाठी तिला किती हेलकावे सोसावे लागतात, आणि या विशिष्ट यंत्राने आजवर किती सोसले. यातून एक सुंदर युक्ती निघाली. बोर्डावर मुद्दाम एक कमजोर भाग बसवायचा, जो खऱ्या भागाच्या आधी तुटेल. खाणीत विषारी वायू कळावा म्हणून कॅनरी पक्षी नेत, त्यावरून त्याला कॅनरीच म्हणतात. दुसरी वाट आकड्यांची. नासाच्या कॅलिफोर्नियातल्या एम्स केंद्राने बॅटऱ्या, कॅपॅसिटर, आयजीबीटी मुद्दाम छळून मरेपर्यंत चालवले आणि त्यांच्या मरणाच्या नोंदी सगळ्यांना खुल्या करून दिल्या. संगणकाला त्या दाखवायच्या आणि उरलेलं आयुष्य किती ते ओळखायला शिकवायचं. २०१७ मध्ये आयट्रिपलई या संस्थेने इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या अशा भाकितांसाठी एक प्रमाणित चौकटही जाहीर केली.

इथेच थोडं थांबायला हवं, कारण विकणारे याच्या पुढचं सांगत नाहीत. गुगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास छापला. डिस्कला स्वतःची तब्येत मोजणारी सोय आत असतेच. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक नोंदली गेल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क मरण्याची शक्यता, चूक न दाखवणाऱ्या डिस्कच्या ३९ पट होती. पूर्वलक्षण म्हणून याहून ठळक काय हवं? पण त्याच अभ्यासात असंही निघालं, की मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांनी चारही मुख्य लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं. लक्षण दिसलं तर विश्वास ठेवा, पण लक्षण नाही म्हणून निर्धास्त राहू नका. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत प्रामाणिक निष्कर्ष आहे. जिथे माणसाचा जीव टांगलेला आहे तिथे भाकितावर भिस्त ठेवता येत नाही. दुसरं यंत्र बाजूला तयारच हवं.

दुसरी अडचण मधूनच येणाऱ्या बिघाडाची. शेतात दुपारी बंद पडणारा बोर्ड गाडीत घालून नागपूरला किंवा पुण्याला नेला, की थंड खोलीतल्या टेबलावर तो उत्तम चालतो. तपासनीस ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत पाठवतो. सोल्डरची चीर ६५ अंशांना उघडते आणि २५ला मिटते, त्याला तो काय करणार? म्हणून जागेवरची नोंद लागते: किती वाजता, किती तापमानाला, पडद्यावर कुठला एरर कोड होता. मोबाईलवर काढलेला त्या पडद्याचा फोटो कधी कधी प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा जास्त बोलतो.

याहून अवघड प्रकार म्हणजे जे यंत्र बंद पडत नाही, चुकीचं बोलत राहतं. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली गेली. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव सुर्जी या पट्ट्यातल्या संत्र्याचा आंबिया बहार हवामानावर आधारित फळपीक विम्यात येतो. तिथे सहसा पंचनामा होत नाही. केंद्रावरचं तापमान आणि पाऊस ठरलेली रेघ ओलांडतो की नाही, यावर भरपाई ठरते. पर्जन्यमापकाच्या आत एक छोटं दुपाखी भांडं असतं. ठरावीक पाणी साचलं की ते पलटतं आणि एक मोजणी होते. नरसाळ्यात चिमणीची विष्ठा, कोळ्याचं जाळं किंवा काळ्या मातीचा गाळ बसला की पाणी उशिरा, थेंब थेंब उतरतं. केंद्र चालू दिसतं, सिग्नल हिरवा असतो, आणि आकडे कमी येतात. एका अंशाच्या किंवा काही मिलिमीटरच्या फरकाने अख्ख्या मंडळातली माणसं भरपाईच्या अलीकडे किंवा पलीकडे जातात.

हे ओळखायची रीत जलशास्त्रात केव्हापासून आहे. एका केंद्राच्या पावसाची चढती बेरीज आसपासच्या केंद्रांच्या सरासरी बेरजेसमोर कागदावर मांडायची. रेघ सरळ गेली तर ठीक. ती एखाद्या तारखेपासून वाकली तर त्या तारखेला केंद्राला काहीतरी झालं. एक दिवसाचा पाऊस गावागावात वेगळा असतो, पण दोन महिन्यांची बेरीज इतकी फटकून वागत नाही. ही रेघ दर पंधरवड्याला काढायची आणि मंडळाच्या गावांना दाखवायची, याला पैसा लागत नाही. विम्याचा दावा नाकारल्यानंतर केंद्र बिघडल्याचा वाद घालण्यापेक्षा ती वाकण्याच्या आठवड्यात कुणी शिडी लावून नरसाळं साफ केलेलं केव्हाही बरं.

दवाखान्यांकडे आलं की लिहिणं जड होतं. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. चौकशीत बोट दाखवलं गेलं ते बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमधल्या ठिणगीकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात, ज्याला सगळे डफरीन म्हणतात, नवजात कक्षातच आग लागली आणि बाळांना धावपळ करून हलवावं लागलं. वॉर्मर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप ही चोवीस तास तापलेली यंत्रं. ठिणगीच्या आधी अशा यंत्रांत बहुतेक वेळा काहीतरी दिसतं: प्लग हाताला गरम लागणं, सॉकेट पिवळट पडणं, त्वचेवरच्या तारेचं तापमान उगाच वरखाली होणं, अधूनमधून येणारा करपट वास. हे सगळ्यांत आधी कळतं ते रात्रपाळीच्या परिचारिकेला.

आणि आपली व्यवस्था तिला काय विचारते? राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आणला. उपकरणं जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ चालू राहावीत, असं उद्दिष्ट ठेवलं. ते आवश्यक होतं, त्याने अडगळीत पडलेली कितीतरी उपकरणं पुन्हा चालती झाली. पण हा आकडा यंत्र बंद पडल्यावरच हलतो. गरम प्लगवरचा वॉर्मर त्यात शंभर टक्के चालू असतो. परिचारिकेने ‘वास येतोय’ असं म्हटल्यावर यंत्र बाजूला काढण्याचा अधिकार तिला हवा, आणि ते काढल्यावर बाळाला ठेवायला दुसरा वॉर्मर हवा. तो दुसरा वॉर्मर नसेल तर तिचा अधिकार कागदावरच राहतो.

लसींच्या शीतसाखळीत वेळेवर इशारा मिळवणं बरंच जमलं आहे. २०१५ पासून देशात आलेल्या ईविन प्रणालीत फ्रीजमधलं तापमान सतत नोंदलं जातं आणि ते २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं की संबंधितांच्या मोबाईलवर इशारा जातो. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या केंद्रांत, जिथे तंत्रज्ञ पोहोचायलाच दिवस जातो, तिथे याहून थोडं पुढे जायला हवं. फ्रीज ८ अंश ओलांडण्याआधी कित्येक दिवस त्याचा कॉम्प्रेसर जास्त वेळ चालायला लागलेला असतो, तापमानाच्या रेघेतले चढ-उतार रुंद झालेले असतात. ते नोंदीत येतच असतं. इशाऱ्याची वाट न पाहता त्या रेघेचा आकार बघायचा.

रेघेचा आकार बघणं म्हणजे काय, हे रेल्वेकडून शिकावं. इंटरलॉकिंग असलेल्या स्थानकांवर डेटा लॉगर असतो. रूळ बदलणारी पॉइंट मशीन काही सेकंद चालते, तेवढ्यात तिची मोटर किती प्रवाह ओढते हे मोजता येतं. सांध्यात खडी अडकायला लागली, ग्रीस सुकलं, की तोच पॉइंट तेवढ्याच कामाला थोडा जास्त प्रवाह, थोडा जास्त वेळ घेतो. पॉइंट अजून बंद पडलेला नाही, गाड्या वेळेवर आहेत, पण त्या प्रवाहाची आकृती जाडी झाली आहे. मुंबई-हावडा मार्गावरच्या अकोला-बडनेरासारख्या वर्दळीच्या पट्ट्यात एक पॉइंट अडला तर मागे गाड्यांची रांग लागते, म्हणून या आकृतीला किंमत आहे. आणि मुख्य म्हणजे सिग्नल विभागात ती वाचणं हे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम आहे. तंत्रज्ञान आणि ते वाचणारा माणूस जिथे एकत्र आले तिथेच भाकीत कामी आलं, असं या सगळ्या आढाव्यात पुन्हा पुन्हा दिसतं.

वऱ्हाडात तंत्रज्ञानाचा अर्धा भाग येऊन पडलेला आहे. कुसुम योजनेतल्या सौर पंपांना दूरस्थ निरीक्षणाची यंत्रणा बंधनकारक आहे. पंपाचा व्होल्टेज, प्रवाह, चालू तास सिमकार्डावरून सर्व्हरवर जातात. पंप बसवला गेला आणि चालला, हे दाखवायला ती माहिती पुरते. तिच्यातून बिघाड आधी ओळखायचा तर एकाच तालुक्यातले, एकाच बनावटीचे पंप एकमेकांशेजारी ठेवून बघावे लागतील. दुपारी एकला सगळे सारखं पाणी देत असताना जो रोज अर्धा तास लवकर थांबतो, तो पुढच्या महिन्यात बंद पडणाऱ्यांतला असण्याची शक्यता मोठी. यासाठी महागडी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही, एक साधा तक्ता आणि तो उघडणारा माणूस लागतो.

तो माणूसही इथेच आहे. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे, बडनेऱ्याचं राम मेघे महाविद्यालय १९८३ पासून, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून, आणि तालुक्या-तालुक्याला आयटीआय. विद्यार्थ्यांना नासाचे आकडे उतरवून प्रकल्प करता येतो आणि त्याला गुणही मिळतात. पण त्या आकड्यांत दर्यापूरचं खारं पाणी नाही, रुईचा धुरळा नाही, मे महिन्यातला खांबावरचा डबा नाही. प्रयोगशाळेतल्या मरणावर शिकलेलं भाकीत शेतात आणलं की चुकतं, हे त्या क्षेत्रातले लोकही मान्य करतात. इथल्या जळालेल्या बोर्डांची इथलीच नोंद हवी, आणि ती सुरू करायची जागा म्हणजे दुरुस्तीची दुकानं. प्रत्येक कारागिराला माहीत असतं, की अमुक बनावटीत अमुक कॅपॅसिटर जातो आणि तमुक बनावटीत रिलेचं सोल्डर सुटतं. हे ज्ञान आज त्याच्या डोक्यात आणि बदललेल्या भागांच्या डब्यात आहे. चार कॉलेजं आणि चाळीस दुकानं मिळून एक वही चालवू शकतात: बनावट, बसवल्याची तारीख, बंद पडल्याची तारीख, आत काय सापडलं, त्याआधी मालकाला काय दिसलं होतं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि कंपन्यांच्या सेवा-फॉर्ममध्ये नेमका तोच क्वचित असतो.

सुरुवात एप्रिलमध्ये करावी. हीटसिंकचं दुपारचं तापमान, पंपाचा प्रवाह, अर्थिंगचा विरोध, सर्ज प्रोटेक्टरची खिडकी, बॅटरीच्या प्रत्येक घराचं माप. एकदा मोजून डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने तारखेसह लिहून ठेवावं. पुढच्या एप्रिलमध्ये जो कुणी झाकण उघडेल, त्याला तुलना करायला मागचा आकडा समोरच सापडेल.